दागिने मीच घालणार

हलव्याला मुंबईत काटा येत नाही, असं मला झाडून सगळ्यांनी सांगितलं. हवा दमट आहे, दादरला तयार दागिने मिळतात, आजकाल घरी कोण करतं, वगैरे वगैरे. मला कुणी 'होत नाही' म्हटलं की माझं डोकं फिरतं. सकाळी उठून मी स्वयंपाकघराची खिडकी लावायची, पंखा बंद करायची, गॅसवर तवा, तव्यावर परात, परातीत तीळ, आणि वरून चमच्या-चमच्याने पाक सोडत बोटांनी हलवत बसायची. घाम पुसायला हात मोकळा नाही. बोटांना चटके बसतात. बसोत. एका सकाळी तिळाच्या दाण्यांवर बारीक पांढरे काटे दिसले आणि मी एकटीच ओरडले, "आला रे आला!" सून दात घासता घासता ब्रश तोंडात घेऊन धावत आली. तिला वाटलं, मी भाजले.

हे सगळं तिच्यासाठीच चाललं होतं. तिची लग्नानंतरची पहिली संक्रांत. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवायची, पाटावर बसवायचं आणि हलव्याचे दागिने घालायचे. आमच्याकडे ते सासू घालते. माझ्या सासूने मला विक्रोळीच्या चाळीत गॅलरीत पाट मांडून घातले होते. मुकुट बांधताना म्हणाली होती, "मान ताठ ठेव, नाहीतर पडेल." फार बोलणारी बाई नव्हती ती. पण ते एक वाक्य माझ्या डोक्यात जे बसलंय ते बसलंय.

फरक एवढाच की माझा नवरा गेल्या पावसाळ्यात गेला. वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा, असं नातेवाइकांनी सांगितलं, म्हणून मुलाचं लग्न मार्गशीर्षात साधंसं केलं. टिकली मी काढली नाही. ती मी शाळेत जायला लागले तेव्हापासून लावते, नवऱ्याच्या कितीतरी आधीपासून. लग्नात दोघी-तिघींनी माझ्या कपाळाकडे बघितलं, पण बोललं कुणी नाही. मला वाटलं, चला, जग सुधारलं. सुधारलं कसलं डोंबल!

आता मदतनीसाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमची मुलुंडची इमारत सात मजल्यांची, जुनी. गेल्या वर्षी आमच्या सेक्रेटरीने सोसायटीत एक मदतनीस आणला. माणूस नव्हे, सॉफ्टवेअर. सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावरचा, पवईला कुठल्याशा कंपनीत कामाला, वयाने माझ्या मुलाएवढा. खाली वॉचमनच्या टेबलाजवळ मदतनीसाचा स्क्रीन, सगळ्यांच्या मोबाइलवर त्याचे मेसेज, घराघरातल्या इंटरकॉमवर त्याचा आवाज. आवाज बाईचा, पण आम्ही सगळे त्याला 'तो'च म्हणतो. मीटिंगमध्ये सेक्रेटरी छाती फुगवून म्हणाला होता, "याला नियम शिकवावे लागत नाहीत. हा माणसं बघून शिकतो. आपल्या बिल्डिंगची रीतभात ओळखतो आणि त्याप्रमाणे वागतो." त्यासाठी सोसायटीच्या ग्रुपवरचे जुने मेसेज, नोटिसा, गणपती-कोजागिरीचे फोटो असं सगळं त्याला खाऊ घातलं होतं.

खोटं कशाला बोलू, मला तो आवडला होता. दुसऱ्या मजल्यावरचे काका दुपारी झोपतात, हे त्याने आपलं आपण हेरलं आणि त्यांची पार्सलं तो दुपारभर खालीच थांबवायला लागला. कुठल्या दोन घरांचं आपसात बोलणं नाही, हेही त्याला कळलं. त्यांच्या गाड्या धुवायच्या वेळा त्याने गुपचूप वेगळ्या केल्या. आधी 'कृपया आपण' असं पुस्तकी बोलायचा, पुण्याहून पाहुणा आल्यासारखा. आमचं ऐकून ऐकून 'काकू, लिफ्ट बंद आहे, जिन्याने या ना' म्हणायला लागला. नवरा गेला त्या दिवसांत त्याने माझ्या दाराची बेल बंद केली. येणाऱ्याला तो खालीच सांगायचा, दार उघडंच आहे, बेल वाजवू नका. हे त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. मला तेव्हा भरून आलं होतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्या गच्चीवर सोसायटीचं हळदीकुंकू असतं. यंदा इमारतीत आमचीच एक नवी सून, म्हणून तिचं कौतुक त्याच कार्यक्रमात करायचं ठरलं. आमंत्रणं, खुर्च्या, वाण, कुणी काय करायचं, सगळं मदतनीसाकडे सोपवलेलं. सुनेने त्याला कळवलं होतं की दागिने घरचेच आहेत, आई करताहेत.

बुधवारी सकाळी मी हार ओवत बसले होते आणि माझा मोबाइल वाजला. मेसेज असा: "काकू, रविवारी संध्याकाळी गच्चीवर हळदीकुंकू आहे. ये-जा बरीच असेल. तुम्हाला त्रास नको म्हणून त्या वेळात तुमची बेल बंद ठेवते. आराम करा."

मी दोनदा वाचला. तेवढ्यात सून तिच्या खोलीतून आली, ऑफिसला निघालेली, खांद्याला बॅग, आणि चेहरा उतरलेला. तिला वेगळा मेसेज आला होता. सजून पाच वाजता गच्चीवर ये, दागिने सहाव्या मजल्यावरच्या काकू घालतील, आणि घरी केलेले दागिने शनिवारपर्यंत सहाव्या मजल्यावर पोचव.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चटके माझ्या बोटांना, काटा मी आणला, सून माझी, आणि घालणार सहावा मजला? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच!

"आई, मग मी जातच नाही," सून म्हणाली.

"गप. तू जायचंस. जायचं नाही ते आपण का म्हणून?"

मुलगा बूट घालता घालता म्हणाला, "जाऊ दे ना आई. आपण घरीच घालू या दागिने. मस्त फोटो काढू."

"घरी? चोरून? मी काय दागिने पळवून आणलेत कुठून?"

तो बुटावर वाकला. बापासारखाच आहे, भांडण दिसलं की बुटाची लेस बांधत राहतो. फक्त बाप शेवटी म्हणायचा, "जा, भांडून ये. भांडून आलीस की जेवण चांगलं करतेस." तेवढं म्हणणारं माणूस आता घरात नव्हतं, याचाही राग त्यात मिसळला असेल. मी ओवता हार तसाच परातीत ठेवला आणि लिफ्टने खाली गेले.

वॉचमन चहा पीत होता. मला बघून तो कप घेऊन गेटकडे सरकला. मी स्क्रीनसमोर उभी राहिले.

"मला आमंत्रण का नाही?"

"नमस्कार काकू. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"मला वाईट वाटेल, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आजवरच्या कार्यक्रमांवरून मी तसं धरलं. आपल्या इमारतीत ज्यांचे पती वारले आहेत, त्या एकाही हळदीकुंकवाच्या फोटोत नाहीत. त्याबद्दल कुणाची तक्रारही नाही. म्हणजे त्यांना यायचं नसावं, आणि बोलावलं तर अवघडल्यासारखं होत असावं."

आवाज इतका गोड की कुणाला वाटावं, डोक्यावरून हात फिरवतोय. मी विचारलं, "त्यांना कधी कुणी बोलावलं होतं का?"

स्क्रीनवर तीन ठिपके नाचले.

"बोलावल्याचं कुठे दिसत नाही."

"मग?"

"यायचं नव्हतं म्हणून बोलावलं नाही, की बोलावलं नाही म्हणून आल्या नाहीत, हे मला सांगता येत नाही, काकू."

"मला सांगता येतं," मी म्हटलं.

"तुमची इच्छा असेल तर मी बाकीच्या काकूंना विचारते. बहुतेकींची हरकत नसेल तर..."

"माझ्या सुनेला दागिने घालायला मी मतदान घेऊ?"

उत्तर ऐकायला मी थांबले नाही.

सेक्रेटरी लिफ्टमधून उतरतच होता. मी त्याला तिथेच गाठलं. बिचारा खरंच ओशाळला. "काकू, शप्पथ, मी काही टाकलेलं नाही यात. तो आपोआप शिकतो. लोक नेहमी जसं वागतात ना, तेच तो बरोबर धरतो. त्याला चूक-बरोबर असं वेगळं काही कळत नाही." मग मोबाइल काढून म्हणाला, "थांबा, दोन मिनिटांचं काम आहे. तुमच्यापुरतं एक्सेप्शन टाकतो. तुम्हाला आमंत्रण येईल. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"टाकू नकोस."

"अहो, पण मग तुम्हाला..."

"मला अपवाद नको. मी चौथ्या मजल्यावर राहते, या इमारतीची पहिली वीट लागल्यापासून राहते. मी अपवाद कशी? आणि कुणाला कळणार नाही म्हणजे काय? मला सगळ्यांना कळायला हवंय."

तो मोबाइल हातात घेऊन तसाच उभा राहिला. मी विचारलं, "लोक वागतात ते बघून शिकतो म्हणालास ना?"

"हो."

"मग बघू दे त्याला."

बोलताना मोठ्या तोऱ्यात बोलले. मग लिफ्टमध्ये शिरले. चौथा मजला दाबायच्या ऐवजी मी सहावा दाबला. म्हटलं, आलेच आहे तर पुरतं भांडून घेऊ.

सहाव्या मजल्यावरची बाई माझी मैत्रीण आहे. आमची पोरं एकाच रिक्षाने शाळेत गेली. मी आजारी पडले तर तिची पेज येते, ती गावाला गेली की तिच्या तुळशीला पाणी मी घालते. तिने दार उघडलं आणि माझा चेहरा बघूनच म्हणाली, "हे बघ, मी काहीच म्हटलेलं नाही हं. मला पण मेसेजच आला. त्याने ठरवलं."

"तो सांगतो तुमच्यावरून शिकलो. तुम्ही सांगता त्याने ठरवलं. म्हणजे ठरवलं कुणी, शेजारच्या मांजराने?"

"आत तर ये. चहा टाकते."

"चहा नको. तुला काय वाटतं ते सांग. मेसेज राहू दे बाजूला."

ती सोफ्याच्या हातावर टेकली. पदराशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "पहिलंच वर्ष आहे गं पोरीचं. सवाष्णीचा हात लागलेला बरा. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी म्हणते."

एवढं सरळ ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. पण जीभ माझी तयारच असते. "तिच्या नवऱ्याला जन्मापासून हाच हात लागलाय. तो चालला ना तिला? आख्खा नवरा चालतो आणि साखरेचा हार चालत नाही?"

"तुझ्याशी बोलायचं म्हणजे..."

"पूर्वी तोंडावर सांगायच्या, रीत आहे बाई. आता सांगतात सिस्टीम आहे. आधी निदान कुणाशी भांडायचं ते तरी कळायचं."

मी निघाले. दार तिने लगेच लावलं नाही, ते मला लिफ्ट येईपर्यंत दिसत होतं.

घरी येऊन पुन्हा हार हातात घेतला, पण मन लागेना. मदतनीसाचं ते एक वाक्य डोक्यात घोळत होतं, 'यायचं नसावं असं मी धरलं.' कुणाबद्दल धरलं? आमच्या तळमजल्यावर एक आजी राहतात, मालवणकडच्या. त्यांचे मिस्टर गिरणीत होते, ते जाऊन जमाना झाला. जिन्याशेजारीच त्यांचं दार, दिवसभर उघडं. दर वर्षी हळदीकुंकवाला निघालेल्या बायका त्यांच्या दारावरून नटूनथटून लिफ्टकडे जातात. आजी आतून बघतात. कोणती साडी कुणी नेसली होती ते त्यांना दुसऱ्या दिवशी अचूक माहीत असतं. त्यांना यायचं नसतं, असं आम्ही सगळ्यांनीच धरलेलं होतं. विचारायचं काय त्यात?

मी विचारायला गेले. आजी तांदूळ निवडत होत्या.

"आजी, तुम्ही हळदीकुंकवाला का येत नाही हो?"

त्यांनी वर बघितलं, वेडीबिडी झाले की काय अशा नजरेने. "माका कोण बोलवता गो? घोव गेलो, तेच्या मागसून कोणी बोलवक नाय."

"आणि बोलावलं तर?"

"बोलवल्यार येतलंय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तांदळात बोटं घातली, जसं काही मी भाजीचा भाव विचारला होता.

झालं! एवढंच होतं ते. इतकी वर्षं सगळी इमारत जे गृहीत धरून बसली होती आणि त्या मशीनला जे शिकवून ठेवलं होतं, ते एका प्रश्नात उलगडलं. मी वर गेले, देवघरातली हळदीकुंकवाची कुयरी घेतली आणि परत खाली आले. हळदीकुंकवाचं बोलावणं मेसेजवर करायची पद्धत आत्ता आत्ताची. आमच्या चाळीत कुयरी घेऊन दारोदार जायचं, कुंकू लावायचं आणि म्हणायचं, या हं संध्याकाळी.

"लावू?" मी विचारलं.

आजींनी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. पदराने कपाळ पुसलं. डोळे मिटून घेतले. मी कुंकू लावलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत, आणि मला तिथे उभं राहवेना.

रविवारी पाच वाजता सून काळ्या साडीत एकटीच गच्चीवर गेली. मीच पाठवली तिला. म्हटलं, तू पुढे हो, मी येते. दागिन्यांचा डबा माझ्याकडे होता. आदल्या दिवशी तो सहाव्या मजल्यावर पोचला नव्हता आणि तिथून न्यायलाही कुणी आलं नव्हतं. मी माझी मोरपंखी साडी काढली, नवऱ्याने शेवटच्या दिवाळीत आणलेली. ती नेसताना एकदा वाटलं, जाऊ दे, मुलगा म्हणतो तसं घरीच घालू. रविवारची संध्याकाळ आहे, पोरीचं कौतुक आहे, कशाला सगळ्यांची तोंडं वाकडी? खरंच वाटलं. मग पदराला पिन लावली आणि आजींना आणायला खाली गेले.

आजी लिफ्टमध्ये माझा दंड धरून उभ्या होत्या. गच्चीचं दार उघडलं तेव्हा सगळ्या बायका खुर्च्यांवर, मधे पाट, पाटावर आमची सून. कोपऱ्यात स्पीकर ठेवलेला, त्यातून मदतनीस कार्यक्रम सांगत होता. "आता नव्या सूनबाईंना हलव्याचे दागिने. सहाव्या मजल्यावरच्या काकूंनी पुढे यावं."

ती उठलीच होती. मला बघून थबकली. कुणीतरी घाईघाईने आजींना खुर्ची दिली. मी चालत मधे गेले. गच्ची एवढी मोठी असल्याचं मला कधी जाणवलं नव्हतं.

पाटाजवळ मी आणि ती, समोरासमोर. तिने हात पुढे केला, डब्यासाठी की मला अडवायला, ते तिलाही माहीत नसावं. स्पीकर पुन्हा बोलला, "सहाव्या मजल्यावरच्या काकूंनी पुढे यावं."

"गप रव गो बाय," आजी खुर्चीतून स्पीकरला म्हणाल्या. "सासू इली हा तिची."

कुणीतरी फिसकन हसलं. सुनेने मान वर करून माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले, पण आवाज अगदी रोजचा. "आई, लवकर घाला ना. मुंग्या लागतील."

मी डबा उघडला. आधी बांगड्या, मग बाजूबंद, कानातले, हार. माझ्या बोटांवर चटक्यांचे डाग होते, ते सगळ्यांना दिसत होते. दिसू देत. मुकुट बांधला. "मान ताठ ठेव," मी म्हटलं, "नाहीतर पडेल."

डब्यात शेवटचं राहिलं होतं हलव्याचं मंगळसूत्र. मी ते उचललं तेव्हा ती माझ्या कानाशी आली, माझी मैत्रीण. अगदी हळू म्हणाली, "एवढं तरी मला घालू दे. ऐक माझं. एवढंच."

तिचा चेहरा मला अजून आठवतो. त्यात वाईटपणा नव्हता. तिला खरोखर भीती वाटत होती, माझ्या मुलासाठी, त्या पोरीसाठी. ती भीती माझ्या ओळखीची होती. कारण पावसाळाभर मीही हॉस्पिटलच्या बाकावर बसून जे करायचं ते सगळं केलं होतं, उपास, नवस, सगळं. कशाचा काही उपयोग झाला नव्हता.

"हेच तर मी घालणार," मी म्हटलं. "बाकीचे एक वेळ तू घातले असतेस तरी चाललं असतं."

मी मंगळसूत्र सुनेच्या गळ्यात टाकलं आणि मागे गाठ मारायला गेले. दोरा बारीक, बोटं भाजलेली. आणि सुनेचे केस मोकळे, ते सारखे मधे येत होते. एकदा गाठ सुटली. दुसऱ्यांदा सुटली. सगळ्या बघत होत्या. मी मागे न बघता म्हटलं, "उभीच आहेस तर केस वर धर जरा."

मागे मैत्रिणीच्या बांगड्या वाजल्या. तिने सुनेचे केस दोन्ही हातांनी गोळा करून वर धरले, आणि मी गाठ मारली. पक्की.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. तिळगूळ वाटला, फोटो निघाले, आजींनी कुणाची साडी कशी आहे ते तोंडावर सांगितलं. काही जणी माझ्याशी बोलल्या, दोघी लवकर घरी गेल्या. निघताना सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले. मदतनीसाचा मेसेज: "आजचा कार्यक्रम रीतीप्रमाणे झाला का? हो किंवा नाही सांगा." मलाही आला होता. मी 'हो' दाबलं आणि समोर बघितलं. सहाव्या मजल्यावरची मैत्रीण चष्मा नाकावर ओढून मोबाइल न्याहाळत होती.

"काय दाबू गं?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस? तुझं तू ठरव."

तिने काहीतरी दाबलं आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. काय दाबलं ते मी विचारलं नाही.

चैत्रात पुन्हा हळदीकुंकू आलं, आंब्याची डाळ आणि पन्ह्याचं. या वेळी मोबाइलवर मला आमंत्रण आलं, सगळ्यांना आलं तसंच, शब्दन् शब्द तोच. मी ते बघितलं आणि काम करत बसले. संध्याकाळी आजींना घ्यायला खाली गेले, तर त्या घरातल्या पातळात, दारात पाय पसरून.

"अहो, तयार नाही झालात? इंटरकॉमवर बोलावणं नाही का आलं?"

"इला," आजी म्हणाल्या. "मशिनीच्या बोलवण्यार मी येवचंय नाय. माणूस येवक व्हया, कुंकू घेवन."

म्हातारी माझ्याहून खट निघाली. मी हसत हसत कुयरी आणायला लिफ्टकडे वळले. लिफ्टचं दार उघडलं आणि आतून सहावा मजला बाहेर आली. हातात चांदीची कुयरी, कपाळावर घाम.

"कुठे उलथली होतीस?" ती म्हणाली. "आधी तुझ्याकडेच गेले. बेल वाजवून वाजवून बोट दुखलं माझं."

"मला आमंत्रण आलंय. मोबाइलवर."

"ते त्याचं. हे माझं. कपाळ पुढे कर."

"टिकली आहे माझ्या कपाळावर."

"असू दे. तिच्या वर लावते."

मी कपाळ पुढे केलं. तिने टिकलीच्या वर कुंकू टेकवलं. आजी दारातून मान लांब करून बघत होत्या, वॉचमनही बघत होता. मागच्या टेबलावरून तो ओळखीचा गोड आवाज आला. "काकू, तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. तुमचं आमंत्रण पोचलं का?"

"हो," मी म्हटलं. "आत्ता पोचलं."